डावीकडे वळली की बंद

नाताळच्या सुट्टीत नागावच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारणारी गाडी बंद पडून उभी राहणं म्हणजे काय, हे अलिबागकडे धंदा करणाऱ्याला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे खेळ बंद, गाड्या ताडपत्रीखाली. कमाई काय ती दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. त्यामुळे मालकाचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला होता, आणि तो चढणारच.

"मिस्त्री, प्लग नवा टाकला, कॉईल नवी, सीडीआय नवा. तरी करंट जातोच आहे. गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालू होते. तुम्ही येऊन बघा."

गाडी म्हणजे वाळूवर फिरवतात ती चार जाड टायरांची, ११० सीसीची छोटी एटीव्ही. एका सिलिंडरचं आडवं इंजिन, किक नाही, सेल्फवरच चालू होणारी. करंट जातो म्हणजे प्लगवर ठिणगी पडत नाही, आणि सीडीआय म्हणजे ती ठिणगी सोडणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा. आधीच्या मिस्त्रीने मॅग्नेटची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकाची, कॉईल गरम होऊन सुटते असं सांगून नवी कॉईल प्लेट मागवायला लावली होती. असं होतं, हे खरं आहे. मॅग्नेटच्या आतल्या एक्सायटर कॉईलची तार केसासारखी बारीक असते. तापल्यावर ती आत कुठेतरी सुटते आणि निवल्यावर परत टेकते. पण ते मीटर लावून बघायचं असतं, आणि गाडी बंद पडलेली असताना बघायचं असतं. गॅरेजमध्ये सकाळी थंड गाडीवर ती कॉईल बरोबरच दिसते.

मी पोचलो तेव्हा ओहोटी होती. सुरूच्या बनासमोर ओल्या वाळूत दोन जुने टायर रोवून फेरीचा रस्ता आखलेला होता. मालकाचा भाचा गिऱ्हाइकाच्या मागे बसून गाडी फिरवत होता. मी त्याला विचारलं, "बंद कुठे पडते रे?"

"त्या पलीकडच्या टायरजवळ. तिथे पाणी साचतं ना, काका, ते प्लगवर उडतं."

"दर वेळेला तिथेच?"

"बहुतेक तिथेच."

तापलेली कॉईल जागा बघून सुटत नाही. पाण्याचं म्हणावं तर पाणी अलीकडच्या टायरजवळही होतं. मी बघत राहिलो. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने चालल्या होत्या, डाव्या हाताला वळसा घालत. अलीकडचं वळण ऐसपैस होतं. पलीकडे मात्र समुद्राचं पाणी जवळ आल्यामुळे हँडल पार शेवटपर्यंत वळवावं लागत होतं. भाच्याला म्हटलं, एकटा बस आणि उलटी फेरी मार, उजवीकडून. तो फिरून आला. आणखी मारायला लावल्या. गाडी चांगली तापली तरी एकदाही बंद पडली नाही. मग सुलट फिरवली, आणि पलीकडच्या टायरला गपकन बंद.

आता थंड झाल्यावर चालू होण्याचं कोडंही सुटलं. बंद पडलेली गाडी पोरं हँडल सरळ करून ढकलत मांडवापर्यंत आणायची, पाच-दहा मिनिटं उभी ठेवायची, मग सेल्फ मारायची. निवल्यामुळे नाही, हँडल सरळ झाल्यामुळे ती चालू होत होती.

इथे या गाडीचं इग्निशन कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. यातला सीडीआय बॅटरीवर चालत नाही. मॅग्नेट फिरलं की एक्सायटर कॉईलमध्ये वीज तयार होते आणि सीडीआयच्या आतला कपॅसिटर दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत भरते. ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पिकअप कॉईलचा इशारा आला की तो साठा एका झटक्यात इग्निशन कॉईलमध्ये रिकामा होतो. तिथे त्याचे हजारो व्होल्ट होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. गाडी बंद करायची म्हणजे हा साठा भरूच द्यायचा नाही. त्यासाठी सीडीआयमधून एक वायर निघते, बहुतेक गाड्यांत काळी-पांढरी. ती चावीकडे जाते, हँडलवरच्या लाल बटणाकडे जाते आणि मागे दोरीच्या स्विचकडे जाते. लहान मूल गाडीवर असताना मागच्या माणसाने ती दोरी ओढायची आणि गाडी थांबवायची. यातल्या कुणीही ती वायर चासीला टेकवली की वीज चासीत निघून जाते आणि करंट बंद. जुन्या शंभर सीसी मोटारसायकलींवर हात बसलेल्याला हे नवं नाही.

म्हणजे ही वायर वाटेत कुठे सोलवटून लोखंडाला लागली, तर कुणी बटण दाबलेलं नसतानाही गाडी बंद पडणार.

मांडवात गाडी घेतली. प्लगच्या टोपीत माझ्याकडचा जादा प्लग बसवला आणि त्याचं अंग इंजिनला टेकवून ठेवलं. गाडीतला प्लग जागेवरच होता, त्यामुळे सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ ठिणगीजवळ यायचा प्रश्न नव्हता. टोपी मोकळी लोंबत ठेवून सेल्फ कधीही मारू नये, करंटला बाहेर जायला वाट मिळाली नाही की तो कॉईल नाहीतर सीडीआय फोडून जातो. हँडल सरळ ठेवून सेल्फ मारला, ठिणगी पडली. डावीकडे पूर्ण वळवलं, काही नाही. मग सीडीआयच्या सॉकेटमधून काळी-पांढरी वायरची पिन तेवढी मागे ओढून काढली. आता हँडल कसंही फिरवा, निळी कडकडीत ठिणगी. सीडीआय, कॉईल, मॅग्नेट, सगळे निर्दोष. खात्रीसाठी गरम गाडीवरच मीटर लावलं. एक्सायटर साडेचारशे ओमच्या आत, पिकअप दीडशेच्या आसपास, दोन्ही स्थिर. तांबं तापलं की रेझिस्टन्स थोडा वाढतोच. ३० अंशांवर ३५० ओमची कॉईल १०० अंशांवर ४४० च्या घरात जाते. हा वाढीव आकडा बघूनच आधीच्या मिस्त्रीने कॉईल खराब ठरवली असावी. तापून सुटणारी कॉईल थोडा जास्त आकडा देत नाही, आकडा देणंच सोडून देते.

प्लगची टोपी जागेवर बसवली आणि वायर सुटी असतानाच गाडी चालू केली. इतकी सुरेख चालली की मालकाचा चेहरा उजळला. बाहेर गिऱ्हाईक थांबलेलं होतं, एक मुलगी आईचा हात ओढत होती.

"झालं तर मग. असू दे ती वायर तशीच, मिस्त्री. रात्री आणतो गॅरेजवर."

मी म्हटलं, "दादा, चावी बंद करा."

त्यांनी चावी फिरवली. गाडी चालूच. त्यांनी परत फिरवली, मग चावी काढूनच घेतली. गाडी चालूच. लाल बटण दाबलं. मी मागची दोरी उपटून त्यांच्या हातात दिली. इंजिन तसंच फटफटत होतं. शेवटी मी पिन परत सॉकेटमध्ये सरकवली, तेव्हा बंद झालं.

कित्येक लोकांना वाटतं, वायर तुटली की फार तर गाडी थांबेल. बॅटरीवरच्या सीडीआयला तसंच होतं, सप्लाय तुटला की इंजिन बंद. इथे उलट आहे. थांबवणारी वायर तुटली की थांबवायचं साधनच जातं. आणि ही गाडी वाळूत फिरते. ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये वाळू जाते, कार्बोरेटरच्या स्लाईडमध्ये जाते, अंगठा सोडला तरी रेस कमी होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्या क्षणी पोराच्या आणि समुद्राच्या मध्ये ती दोरी एवढीच असते. टेप गुंडाळून ती वायर सुटी ठेवायची आणि गाडी दुरुस्त झाली म्हणून पैसे घ्यायचे, हे माझ्याच्याने होत नाही. मालकांनी वाद घातला नाही. त्या मुलीला दुसऱ्या गाडीवर बसवलं आणि माझ्याजवळ येऊन बसले.

पुढचं काम सोपं होतं, फक्त घाई न करण्याचं. सीडीआयचं सॉकेट काढून ठेवलं. चावी चालूवर, लाल बटण चालूवर, दोरीची टोपी जागेवर. मीटरचं एक टोक काळ्या-पांढऱ्या वायरला, दुसरं चासीला. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. हँडल डावीकडे नेलं तर शून्य ओम, म्हणजे वायर थेट लोखंडाला टेकलेली, ते अपेक्षितच होतं. पण हँडल सरळ असतानाही आकडा हलत होता, हजार ओम, आठशे, परत बाराशे. म्हणजे दोन दोष. हँडलच्या स्विचांचं सॉकेट सोडवलं, तर डावीकडचा शून्य गेला आणि हलता आकडा राहिला. मागच्या दोरीच्या स्विचचं सॉकेट सोडवलं, आकडाही गेला.

"सकाळी चालू व्हायला त्रास देते का?" मी विचारलं.

"रोज. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारायला लागतो."

ते या दुसऱ्या दोषाचं काम. सेल्फवर इंजिन हळू फिरतं, एक्सायटर आधीच कमी वीज देते. त्यातली थोडी अशी गळून गेली की ठिणगी मरतुकडी पडते. एकदा इंजिनाने वेग घेतला की गळती जाणवत नाही.

दोरीचा स्विच उघडला. आत पांढरट मिठाची पापडी, तिच्यात बारीक वाळू, आणि पितळी पट्टीवर हिरवा थर. कोरडं मीठ एवढा त्रास देत नाही. पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलं झालं की त्यातून वीज चालते. हा स्विच साफ करून परत लावण्यासारखा नव्हता. मालकांची एक गाडी इंजिन खोललेलं म्हणून पडून होती, तिचा कोरडा होता, तो बसवला.

हँडलकडचं कारण हेडलाईटच्या मागे सापडलं. वायरिंग धरून ठेवणारी क्लिप तुटलेली होती, त्यामुळे डावीकडे वळताना वायरिंग ताणलं जाऊन ब्रॅकेटच्या कापलेल्या कडेवर घासत होतं. बाहेरची नळी चिरलेली, आत काळी-पांढरीची साल बोटाच्या नखाएवढी गेलेली, आणि ब्रॅकेटचा रंग उडून तेवढंच लोखंड चकचकीत झालेलं. बाकी सगळ्या ब्रॅकेटला गंज, आणि घासलेली जागा लखलखीत.

उघड्या जागेवर टेप मारून भागत नाही. खारं पाणी तारेच्या पेडांतून सालीच्या आत चढतं. मी वायर मागे मागे कापत गेलो, आत तांबं काळंच. वीतभर कापल्यावर लाल तांबं लागलं. तिथून नवा तुकडा सोल्डरने जोडला, वर श्रिंक स्लीव्ह चढवली, ब्रॅकेटची कड कानशीने मारली आणि हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून, ताण पडणार नाही एवढी ढील ठेवून नवी क्लिप लावली. सॉकेटांत सिलिकॉन ग्रीस भरलं. संध्याकाळी गाड्या धुता ते पाणी कुठलं, हेही विचारून घेतलं. किनाऱ्याजवळच्या बोअरचं होतं, तोंडात घेतलं तर खारट. गोड्या पाण्याची टाकी करा म्हणून सांगितलं.

गाडी चालू करून चावीने बंद केली. परत चालू करून लाल बटणाने. मग भाच्याला मागे बसवून चालत्या गाडीची दोरी ओढायला लावली. टायरच्या दोन्ही बाजूंनी फेऱ्या झाल्या, हँडल शेवटपर्यंत वळवून.

मालकांनी पैसे काढले, तेव्हा मी म्हटलं, रांगेतल्या बाकीच्या गाड्यांच्या दोऱ्याही ओढून बघू. एकेक बघत गेलो. शेवटून दुसरी गाडी दोरी उपटली तरी चालूच राहिली. सीट काढली तर सीडीआयजवळ कुणीतरी काळी-पांढरी वायर कापून टोकाला टेप गुंडाळलेली होती. टेप जुनी, वाळून कडक झालेली. ती गाडी चोक ओढून बंद करायची, असं भाचा म्हणाला. तशी सवयच झाली होती त्यांना.

मालकांनी टेपचं ते टोक बोटात धरून बघितलं. मग भाच्याला हाक मारून गाडी रांगेतून काढायला लावली, आणि पहिल्यांदाच मला घाई करा असं म्हणाले नाहीत. वायर कुणी कापली यापेक्षा कशासाठी कापली ते मला शोधायचं होतं, कारण जोडल्यावर ती गाडी परत बंद पडणार हे ठरलेलं होतं. मीटर चासीला लावलं आणि हेडलाईटच्या मागून सुरुवात केली.