आंबेनळी घाट : पृथ्वीच्या पोटात डोकावणारा रस्ता

महाबळेश्वरहून पोलादपूरला जाणारा आंबेनळी घाट बहुतेक जण प्रतापगडापुरताच उतरतात. आम्ही या वेळी उतरलो ते दगड बघायला. सोबतचा मित्र कॉलेजात भूशास्त्र शिकवतो, म्हणजे दर दोन वळणांनी गाडी उभी राहणार हे ठरलेलंच.

वर जांभा. तो संपला की काळा कातळ, आणि कातळाच्या दोन जाड थरांमध्ये कुठेकुठे वीटकरी रंगाचा पट्टा. लाव्ह्याचा एक लोट थंड झाला, त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती झाली, मग पुढचा लोट आला आणि त्याने ती भाजून काढली, असं साधारण समजतात. माझं लक्ष काळ्या थरांवर होतं, मित्राचं या तांबड्या पट्ट्यांवर. अशाच पट्ट्यांत सापडणाऱ्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक स्फटिकांवरून दख्खनच्या लाव्ह्याचं वय काढलंय : सुमारे ६.६ कोटी वर्षं. डायनोसॉर संपले तोच काळ.

भूशास्त्रात या थरांच्या गटांना इथल्याच गावांची आणि घाटांची नावं आहेत. महाबळेश्वर गट वर, त्याखाली आंबेनळी, त्याखाली पोलादपूर. म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या आणि खडकांची नावं एकाच क्रमाने खाली येतात!

"एवढा लाव्हा म्हणजे खाली सगळं उकळतच असणार," मी म्हटलं.

"अरे, हाच तर गैरसमज. कवचाखालचं २,९०० किलोमीटर जाडीचं प्रावरण जवळपास सगळं घन आहे. तापलेला खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि म्हणून त्याचा थोडा भाग वितळतो."

खरा द्रव आहे तो त्याच्याही खाली, लोखंडाच्या बाह्य गाभ्यात. आंबेनळी गटातला लाव्हा फारशी भेसळ न होता प्रावरणातून वर आलाय, पोलादपूर गटातल्या लाव्ह्याने मात्र वाटेत कवचातला जुना खडक विरघळवून घेतलाय. डोळ्यांना दोन्ही सारखेच काळे दिसतात, फरक कळतो तो प्रयोगशाळेत.

मला सगळ्यात भारी वाटली ती चुंबकाची गोष्ट. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवतात. घाटातल्या खालच्या थरांत ही दिशा आजच्या उलट आहे. महाबळेश्वर गटात वर जाताना ती बदलते आणि आजच्यासारखी होते. बाह्य गाभ्यातल्या लोखंडाच्या हालचालींनी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अदलाबदल झाले, त्याची नोंद आमच्या डाव्या हाताच्या दरडीत होती, आणि आम्ही तिच्याखाली उभे राहून भाजलेली कणसं खात होतो. याच लोहकणांवरून हेही कळलं, की तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, साधारण ३० अंशांवर. पुढे भारत उत्तरेला सरकत राहिला. या लाव्ह्याचा उगम म्हणजे हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखालचा तप्तबिंदू (प्रावरणातून तापलेला खडक सतत वर येत राहतो अशी जागा), असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

पोलादपूरला पोहोचेपर्यंत उकाडा वाढला होता. सावित्रीच्या काठी चहा घेतला, मित्राने खिशातलं भिंग रुमालात गुंडाळलं. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात, म्हणून दगड बघायला जायचं तर दिवाळीनंतर. गवत वाळलेलं असतं, थर स्वच्छ दिसतात. गाडी मात्र रुंद जागा बघूनच लावा, वळणावर नको.