मोरचूदातलं पाणी मोजताना

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पाला विषय घेतला, धातूंची जटिल संयुगं (धातूला पाणी, अमोनियासारखे रेणू धरून असलेली) तापवल्यावर कशी सुटत जातात. सुरुवात मोरचुदापासून केली. आमची द्राक्षबाग निफाडकडे, बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकासाठी, मोरचुदाचं पोतं घरात कायमचं. प्रयोगाला मात्र नाशिकला कॉलेजातलं शुद्ध घेतलं.

मोरचुदात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात. चार तांब्याला धरून, पाचवा हायड्रोजन बंधांनी सल्फेटशी. तापवलं की आधी दोन जातात, मग दोन, शेवटी एक. वजनातली एकूण घट त्या त्या टप्प्यापर्यंत १४.४, २८.९ आणि ३६.१ टक्के. पाण्याबरोबर निळा रंगही जातो, कारण तो एकट्या तांब्याचा नव्हेच, तांबं आणि त्याभोवतीचं पाणी दोघांचा.

जुलैत मी एक ग्रॅम पूड मुशीत घेऊन २५० अंशांवर भट्टीत ठेवली. पांढरीशुभ्र झाली. वजन केलं तर घट जेमतेम ३२ टक्के. तीनदा केलं, तिन्ही वेळा कमी. फार निराश झाले. वाटलं, आपल्या हातून काही होणारच नाही.

चौथ्या वेळी मूस काट्यावर ठेवून नुसती बघत बसले. बाहेर संततधार होती. काट्याचा शेवटचा आकडा हळूहळू वर सरकत होता. मुशीच्या कडेला पांढऱ्या पुडीवर फिकट निळी झाक आली होती. मूस मी ओट्यावर उघडीच गार करत होते आणि पूड पावसाळी हवेतलं पाणी परत ओढून घेत होती! मग डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, झाकून गार केली, झटपट तोलली. घट ३५.८ टक्के. त्या दिवशी जेवणसुद्धा आठवलं नाही.

टीजीएचं, म्हणजे तापवता तापवता वजनातली घट आलेखावर नोंदणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. नमुना बाहेर पाठवला, दीड महिना थांबले. आलेखात पहिल्या दोन पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या. मिनिटाला दहा अंश हा तापवण्याचा वेग जास्त होता. विनंती करून दोन अंशांच्या वेगाने पुन्हा काढून घेतला, तेव्हा तिन्ही पायऱ्या सुट्या दिसल्या.

पुढचा नमुना अमोनियाचा, पाण्याच्या जागी तांब्याला चार अमोनिया धरलेले, गडद जांभळट निळा. त्यातला अमोनिया आणि एक पाणी मिळून हिशेबाने घट ३५ टक्के, म्हणजे मोरचुदाच्या जवळपास तेवढीच. नुसत्या वजनावर विसंबले असते तर दोन्हींत फरकच कळला नसता. नमुना नळीत तापवून तिच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरला, तो निळा झाला, आणि वासाने डोळ्यांत पाणी आलं.

ऑक्टोबर छाटणीनंतर घरी गेले तेव्हा नाना पोतं उघडत होते. तोंडाशी पांढुरकी भुकटी धरलेली.

"खराब झालं का गं हे?"

"नाही नाना, पाणी उडालंय. उलट किलोमागे तांबं जास्त भरेल. निळ्यात पाव हिस्सा असतं, पार पांढऱ्यात चाळीस टक्के."

नानांनी भुकटी बाजूला काढली. निळे खडे एक किलो तोलले, शंभर लिटरचं मिश्रण केलं आणि विळा बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का ते नेहमीसारखं बघितलं. चढला, म्हणजे चुना कमी पडला होता. नानांनी चुन्याची निवळी थोडी आणखी ओतली.