स्लो लोकल

डोंबिवली ते सीएसएमटी साधारण ४८ किलोमीटर. फास्ट लोकल पंधरा-वीस मिनिटं वाचवते, पण तिच्यात पुस्तक धरायला हात मोकळा मिळेल तर शपथ! म्हणून मी डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडते. खिडकी नाही, तरी बूड टेकायला जागा मिळते. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा... ठाणे येईपर्यंत एक प्रकरण होतं. ऑफिसातल्या मैत्रिणी हसतात. त्या वेळ वाचवतात आणि घरी मालिका बघतात, बघोत बापड्या. मला वाचायचंच आहे, आणि घरी सासूबाई, कुकर, मुलाचा अभ्यास यांतून ते होणे नाही. त्यासाठी सकाळचा अलार्म अर्धा तास अलीकडे आणलाय. संध्याकाळचं फिरणं मात्र बंद पडलं, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही.