गच्चीतला मेपल आणि अण्णांचा सिकेटर

“नाशिकला मेपल जगतो का हो?” गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत जो येतो तो चहा संपायच्या आत हे विचारतो. झाड समोर उभं असतं, तरी विचारतो. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, “मला पण असं बोन्साय करायचंय, छाटायचं कुठून?” माझा चुलतभाऊ निफाडहून आला की तिसराच प्रश्न टाकतो, “ताई, ह्याला माल कधी लागणार?” त्याला मी उत्तर देत नाही. बाकीच्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

जगतो. पण ज्या मेपलचा फोटो बघून तुम्ही विचारताय, तो नव्हे. बारीक कातरलेल्या लाल पानांचा तो जपानी मेपल, एसर पाल्मेटम. तसे दोन मी घालवले. मार्चअखेर आपल्याकडचं कोरडं गरम वारं सुटलं की त्याच्या पानांच्या कडा करपतात आणि मे उजाडेपर्यंत पानाचा पापड होतो. सावलीची जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं, तरी झाड दरवर्षी थोडं थोडं खालीच गेलं. गच्चीत आता आहे तो ट्रायडेंट मेपल, एसर ब्युर्जेरियानम. पान तीन टोकांचं, बदकाच्या पंजासारखं. मूळचा पूर्व चीनकडचा, मुळं मांसल, ऊन बऱ्यापैकी सोसणारा. नाशिकला मेपलच हवा असेल तर हाच घ्या. आणि बोन्सायची पहिलीच कुंडी असेल तर खरं सांगू? वड घ्या, पिंपरण घ्या, चिंच घ्या. चुका करायला ती झाडं मोठ्या मनाची आहेत.

थंड प्रदेशातलं झाड आमच्याकडे कशाला, असं म्हणणाऱ्या नाशिककराचं मला हसू येतं. द्राक्ष तरी कुठलं? द्राक्षवेल थंड मुलखात हिवाळाभर पानं टाकून झोपते. आपल्याकडे तिला तशी झोप लागत नाही. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात शेकोट्यांचे फोटो येतात, पण दुपारी पुन्हा स्वेटर काढावा लागतो. म्हणून आपण वेलीला वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी, काड्या नव्याने तयार व्हाव्यात म्हणून, आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, फळासाठी. ऑक्टोबरला डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, सारखे फुटावेत म्हणून काडीला डॉर्मेक्स हे फूट आणणारं औषध लावतो. म्हणजे झोप न झालेल्या झाडाला हलवून उठवण्यात आपली हयात गेली आहे. मेपलला मी डॉर्मेक्स लावत नाही, पण त्याची झोप मलाच घडवून आणावी लागते. ते पुढे सांगते.

बियांच्या भानगडीत पडू नका. मी पडले होते. ऑनलाइन ‘निळा मेपल’ म्हणून पाकीट मागवलं. निळ्या पानांचा मेपल जगात नाही, हे पैसे दिल्यावर कळलं. नंतर खऱ्या बिया मिळाल्या. त्यांना उगवण्यापूर्वी तीन-चार महिने ओलसर गारवा लागतो, म्हणून कोकोपीटमध्ये घालून डबा फ्रिजमध्ये ठेवला. सासूबाईंनी तो दोनदा विरजण समजून उघडला. वीसातली तीन उगवली, त्यातलं एकही आज नाही. सरळ अंगठ्याएवढ्या खोडाचं रोप आणा.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. रोप आणलं त्याच आठवड्यात मी ते सुंदर निळ्या उथळ ट्रेमध्ये बसवलं. बोन्साय म्हणजे छोटी कुंडी, एवढंच डोक्यात. तीन वर्षं खोड पेन्सिलीएवढंच राहिलं. खोड जाड होतं ते वर पानांचा पसारा आणि खाली मुळांना जागा मिळाली तरच. आधी झाड घडवायचं, ट्रे सगळ्यात शेवटी. आता माझा ट्रायडेंट मोठ्या पसरट कुंडीत आहे, चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं शेणखत. आपली काळी माती अजिबात नको. ती पावसाळ्यात मुळांना बुडवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बुडाजवळची एक फांदी मी दोन वर्षं मोकाट सोडली, माणसाच्या उंचीएवढी गेली. दिसायला ओंगळ, येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ही कापा की. ती होती म्हणून तिच्याखालचं खोड भरलं. काम झाल्यावर काढली.

छाटणीवर मात्र मला जरा थांबायचंय.

माझा हात द्राक्षाचा. लहानपणापासून अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे सिकेटर (छाटणीची कात्री) घेऊन फिरलेली मी, त्यामुळे मला वाटलं, छाटणी तर येतेच. पहिल्या वर्षी बरोब्बर एप्रिलात खरड छाटणी केल्यासारखा मेपल बोडका केला. शेतातल्या वेलीची मुळं खोल गेलेली असतात, खाली ड्रिप असतं. कुंडीतल्या झाडाला भर उन्हात कोवळी पालवी काढायला लावली, ती आठ दिवसांत जळाली, आणि त्याने पुन्हा पालवी काढली ती साठवणीतून उसनवारी करून. त्या वर्षी झाड वाचलं एवढंच.

दुसरी चूक बारीक होती आणि ती माझ्या लक्षातही आली नसती. अण्णा दिवाळीला आमच्याकडे आले होते. मेपल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. चष्मा वर करून एक फांदी हातात धरली आणि म्हणाले,
“हा डोळा कुठं बघतो?”
“वर.”
“मग फांदी कुठं जाणार?”
“वर.”
“तुला कुठं पाहिजे?”
“आडवी.”
“मग कापलं कशाला इथं?”

द्राक्षाच्या काडीवर डोळे एकाआड एक असतात. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे. मेपलचे डोळे जोडीने, समोरासमोर. आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीला आडवी: एका पेरावर डावा-उजवा, तर पुढच्या पेरावर वर-खाली. आडव्या फांदीवर तुम्ही वर-खाली जोडीच्या पुढे कापलंत तर एक फुटवा आभाळाकडे जातो आणि दुसरा खाली लोंबतो. दोन्ही निरुपयोगी. डाव्या-उजव्या जोडीच्या पुढे कापलंत तर फांदीला छान बेचकं फुटतं, हाताची दोन बोटं पसरावीत तसं. अशी बेचकी वर्षानुवर्षं साठत गेली की झाड लहान असून म्हातारं दिसायला लागतं. एवढ्यासाठी सगळा खटाटोप. म्हणून कात्री उचलायच्या आधी फांदी फिरवून जोडी कुठल्या दिशेची आहे ते बघा. मी अजूनही अंगठा लावून बघते.

कापताना अगदी पेराला चिकटून कापू नका. मेपलची काडी कापलेल्या जागेपासून थोडी मागे वाळते, म्हणून अर्धा सेंटिमीटर खुंट ठेवा आणि तो वाळल्यावर साफ करा. एका जागेतून तीन-चार फुटवे आले तर दोनच ठेवा, नाहीतर तिथे कायमची गाठ येते. शेंड्याचा जोर खालच्या फांद्यांपेक्षा नेहमी जास्त, तेव्हा वर कडक छाटायचं, खाली हात आखडता. तारेबद्दल एकच सांगते: साल पातळ असते, पावसाळ्यात फांदी फुगते आणि अॅल्युमिनियमची तार पाहता पाहता आत रुतते. दर आठवड्याला बघा.

केव्हा छाटायचं? जाड फांदी काढायची ती झाड झोपलं की. इथे डिसेंबरात पानं पिवळट-तांबूस होतात, पण गळायचं नाव घेत नाहीत. नाताळच्या सुमारास उरलेली पानं मी कात्रीने काढते. देठ तसाच ठेवते, कारण नवा डोळा देठाच्या बुडाशी असतो. देठ पुढे आपणच गळतो. पाणी कमी करते, कुंडी गच्चीच्या सगळ्यात गार कोपऱ्यात सरकवते, आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मोठे काप घेते. त्यापुढे उशीर नको. डोळे फुगायला लागल्यावर कापलंत तर एप्रिल छाटणीनंतर वेल रडते तसा मेपलही रडतो, कापातून टपटप रस येतो. मोठ्या जखमेला कट पेस्ट, म्हणजे काप झाकणारा लेप, लावते. घरात बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) होती म्हणून एकदा ती लावली, तर खोडावर निळसर डाग बसला आणि तो वर्षभर सगळ्यांना दाखवावा लागला.

फेब्रुवारीत पालवी येते. तिला हात लावायचा नाही. एप्रिल-मे फक्त पाणी, दुपारची सावली आणि आपली सहनशक्ती. बोअरचं जड पाणी देऊ नका, पानांची टोकं जळतात. पाऊस लागून हवा ओलसर झाली की जून-जुलैत दुसरी फूट येते. तिला सहा-सात जोड्या पानं झाली की दोन जोड्यांवर आणते. द्राक्षात शेंडा मारून सबकेन, म्हणजे बगलेतली उपकाडी, करतात, तोच हिशोब. ढगाळ दिवसांत पानांवर भुरी येते. हो, तीच आपली द्राक्षावरची पांढरी बुरशी. दाट पाला थोडा विरळ केला की निम्मा त्रास जातो.

या पावसाळ्यात वरच्या एका जाड फांदीला गुटी बांधली आहे. साल गोल काढून, ओलं मॉस गुंडाळून, वरून प्लॅस्टिक. परवा प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसली. अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाले, “अजून पंधरा दिवस हात लावू नको.” हे झाड कुणाला द्यायचं ते मात्र ठरलंय. चुलतभावाने, माल विचारणाऱ्या त्याच, फोन करून आधीच सांगून ठेवलंय, “ताई, ते मला पाहिजे.”