दुहेरी टाका

विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात माझ्या अशील मावशींना पहिलंच विचारलं, "तुमच्या दिरानं फिर्यादीत कुणावर संशय घेतलाय?" माझ्या पोटात गोळा आला.

२०१७ सालची गोष्ट. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातला मोटार अपघाताचा क्लेम. मावशींचे यजमान टॉवेल-चादरी घेऊन आठवडी बाजार करायचे. मोहोळहून रात्री वडापच्या (शेअर) जीपनं परतताना, वाटेत चढलेल्या दोघांनी गल्ल्याची पिशवी ओढली. यांनी सोडली नाही. चाकू बसला. कंपनीचं म्हणणं एका ओळीचं: हा खून आहे, अपघात नव्हे; म्हणून भरपाई नाही.

माझी भिस्त 'रीता देवी'वर. दिमापूरच्या रिक्षाचालकाचा, सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल. रिक्षा पळवायला प्रवाशांनीच त्याला मारलं होतं. मूळ हेतू जीव घेण्याचाच असेल तर तो निव्वळ खून. पण दुसराच गुन्हा करताना जीव गेला, तर तो अपघाती मृत्यू. चालकाला लागू ते प्रवाशाला का नाही, हे मला पटवायचं होतं. अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६३-अ खाली, त्यामुळे जीपवाल्याची चूक दाखवायची गरज नव्हती.

हाच माणूस कुर्डुवाडीहून रेल्वेनं येताना डब्यात लुटारूंच्या हातून गेला असता, तर कलम १२४-अ खाली आठ लाख. रेल्वे कायद्यात लूट, दरोडा नावानिशी लिहिलाय. रस्त्यावर मात्र मारेकऱ्याच्या मनात शिरावं लागतं!

आणि दिरानं तर त्या रात्री रडतरडत बांधाच्या भांडणावरून चुलतभावाचं नाव घेतलेलं. म्हणजे वैर, म्हणजे खून. पुढं पुरवणी जबाबात त्यानं ते मागं घेतलं, दोषारोपपत्रही जबरी चोरीचं आलं. पण फिर्याद ती फिर्याद.

उलटतपासानंतरच्या फेरतपासात मी मुद्देमालाचा पंचनामा वाचून दाखवला. कापडी पिशवी एक, बंद तुटलेला. आत रुमालात भाकरी, शेंगाचटणी.

"बंद कसा तुटंल?" मावशी न्यायाधीश साहेबांकडं बघत म्हणाल्या. "मी दुहेरी टाका घातलाय. लई ओढल्याबिगर तुटायचा न्हाई."

साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावले.

बाहेर आल्यावर मावशींनी मला हळूच विचारलं, "मॅडम, म्हंजे त्यास्नी मारायचं नव्हतं, असं म्हणायचं का आपण?"

"मारायला म्हणून चढले नव्हते, एवढंच." मला याहून बरं उत्तर आजही सुचलेलं नाही.

क्लेम व्याजासह मंजूर झाला. निकाल सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "आन् पिशवी?" ती सेशन कोर्टाच्या मुद्देमालात होती.