पांढरं रेशनकार्ड आणि एक तारीख

नोव्हेंबर २०२३. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात बाबांना दाखल केलं होतं, छातीत ब्लॉकेज. आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यातल्या सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर मी रेशनकार्ड ठेवलं. त्याने पहिलं पान उघडलं, माझ्याकडे बघितलं. ‘ताई, पांढरं आहे.’ पांढरं, म्हणजे जास्त उत्पन्नाच्या घराचं; योजनेत ते बसत नव्हतं.

मी मोबाईलवर २८ जुलैचा शासन निर्णय काढून दाखवला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना, दीड लाखाऐवजी पाच लाखांपर्यंत मोफत उपचार! तो म्हणाला, ‘निर्णय झालाय, लागू नाही झाला.’

तेव्हा कळलं, नियम बदलतो म्हणजे काय. आधी मंत्रिमंडळात ठरतं, मग शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघतो. त्यानंतर विमा कंपनीसाठी निविदा, करार, रुग्णालयांच्या संगणकातले बदल. नवी व्याप्ती प्रत्यक्षात सुरू झाली १ जुलै २०२४ ला. जीआरनंतर जवळजवळ वर्षाने. आमच्यासारखी किती घरं त्या फटीत सापडली असतील, या विचाराने आजही जीव तुटतो.

आईच्या पाटल्या मोडल्या. बाबा बरे आहेत, हे महत्त्वाचं.

पण योजना वाईट म्हणणार नाही मी. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तिच्यामुळे शेजारच्या काकूंचं ऑपरेशन एक रुपया न देता झालेलं मी पाहिलंय. माझं मागणं एवढंच: जीआरच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात, लागू होण्याची तारीख छापा.