रविवारी दुकानं बंद, स्वयंपाकघर चालू

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हे घरी, खानदेशातल्या अमळनेरला फोनवर सांगितलं की समोरून हमखास विचारणा होते, "मग कोथिंबीर संपली तर?" संपली तर संपली! इथे हा नुसता रिवाज नाही. रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेतच संरक्षण आहे आणि दुकानांच्या वेळांचा देशभराचा कायदा १९५६ मध्ये झाला, आता त्या वेळा राज्यं ठरवतात. बेकऱ्या काही तास, स्टेशनावरची दुकानं आणि पेट्रोल पंप तेवढे उघडे. पण पंपावर दूध घ्यायचं म्हणजे खिशाला चाट. त्यामुळे आमचा सगळा बाजार शनिवारी. मोठी पहिलीत, धाकटा बालवाडीत. बाहेर पाऊस लागला की रविवारभर या दोघांना गुंतवायला माझ्याकडे ओट्याशिवाय दुसरं काही नसतं.

आम्ही राहतो एसेनला. जर्मनीतल्या स्वस्त दुकानांची गोष्ट याच गावात सुरू झाली. इथल्या अल्ब्रेख्ट भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आईचं किराणा दुकान हाती घेतलं, त्याचीच पुढे 'आल्डी' ही दुकानांची साखळी झाली. दुकानात सिगारेटी ठेवायच्या की नाही यावरून दोघांचं बिनसलं असं सांगतात. कारण काही असो, त्यांनी देशच उत्तर-दक्षिण वाटून घेतला. आपल्याकडची भाऊबंदकी निदान बांधापुरती असते. गंमत म्हणजे एकाचं मुख्य कार्यालय एसेनमध्ये, तर दुसऱ्याचं शेजारच्या म्युलहाइममध्ये.

शनिवारी दुकानात शिरताना ट्रॉली सुटावी म्हणून तिच्यात घालायचं नाणं धाकट्याच्या मुठीत असतं. ते दुसऱ्या कुणी घातलं तर रडारड. मोठीकडे आकडे. इथे किमतीच्या पट्टीवर पुड्याच्या किमतीखाली किलोची किंवा लिटरची किंमत बारीक अक्षरात छापावीच लागते. ती वाचणं तिचं काम. डायनोसॉरच्या आकाराचा पास्ता साध्या पास्त्यापेक्षा किलोमागे कितीतरी महाग पडतो, हे तिनेच शोधून काढलं आणि अगदी सुतकी चेहऱ्याने पुडा परत ठेवला. मी सांगून हे झालं नसतं. स्वस्त माल बहुतेक खालच्या कप्प्यात असतो, तोही बरोबर पोरांच्या डोळ्यांसमोर. पण काउंटरजवळच्या चॉकलेटांचा कप्पाही त्यांच्याच उंचीला! त्यावर आमच्या घरचा तोडगा म्हणजे बाटल्यांचा डबा.

पाण्याची, सरबताची रिकामी प्लास्टिकची बाटली इथे कचऱ्यात जात नाही. विकत घेताना तिच्यावर २५ सेंट अनामत भरलेली असते, म्हणजे आपले साधारण पंचवीस रुपये. ही पद्धत २००३ पासून आहे. २०२४ पासून प्लास्टिकच्या बाटलीतलं दूधही त्यात आलं. दुकानात भिंतीत एक गोल तोंडाचं यंत्र बसवलेलं असतं. बाटली आडवी सरकवली की ते तिला गरागरा फिरवतं, तिच्यावरची खूण वाचतं आणि गिळून टाकतं. चेपलेली असली तर परत थुंकतं, तेव्हा धाकटा तिला आजारी बाटली म्हणतो. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर येते, ती काउंटरवर दिली की पैसे. हे पैसे पोरांच्या डब्यात जातात आणि काउंटरजवळचं काही हवं असेल तर त्यातूनच घ्यायचं. डब्याचा हिशेब मोठी ठेवते. ती माझ्यापेक्षा चिक्कू निघाली आहे.

इथलं स्वस्त-महाग आपल्या उलटं आहे. मैदा, बटाटे, कांदे, गाजर, कोबी, ओट्स यांचं फार काही वाटत नाही, दूध युरोच्या आसपास लिटर. पण मूठभर हिरव्या मिरच्या घेताना दोनदा विचार करावा लागतो. कोथिंबीर कुंडीसकट मिळते. ती खिडकीत ठेवून पोरांकडून पाणी घालून घेतलं तर तीन-चार भाज्यांवर भुरभुरायला पुरते. तूर डाळीसाठी तमिळ दुकानापर्यंत जावं लागतं, म्हणून वरणात मी अर्धी मसूर घालते. आई वाचत असेल तर तिने हे वाक्य सोडून द्यावं. मुलांचे कपडे नवे घेणं मी कधीच बंद केलं. वसंतात आणि शरदात बालवाड्यांमधून, चर्चच्या हॉलमधून जुन्या कपड्या-खेळण्यांचे बाजार भरतात आणि तिथे स्वेटर नव्यासारखे मिळतात.

आता भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते हिरवट, लांब, पांढऱ्या रेषांचं वांगं इथे कुठलं असायला! इथे मिळतं ते काळंजांभळं, चकचकीत आणि नगावर. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळाची चव ओव्हनला येत नाही, हे मान्य. पण पोरांसाठी ओव्हनचं भरीत फार सोयीचं आहे. आधी काट्याने वांग्याला टोचे मारायचे, नाहीतर ते आत फुटतं. हे काम दोघंही भलत्या उत्साहाने करतात. मग २२० अंशांवर, साल सुरकुतून वांगं खाली बसेपर्यंत भाजायचं. निवलं की धाकटा साल सोलतो आणि मोठी गर ठेचते. कांद्याची पात ती कात्रीने कापते. शेंगदाणे, लसूण, मिरचीची फोडणी मात्र मी एकटी करते, कारण तेल गरम आणि वर छताला धूर झाला की वाजणारा भोंगा. प्रत्येक फ्लॅटमध्ये तो सक्तीचा आहे. फोडणी पडली की धाकटा त्याच्याखाली वर्तमानपत्र हलवत उभा राहतो. ही नोकरी त्याने स्वतःच मागून घेतली आहे.

बट्टीचा रविवार मात्र सगळ्यात मोठा. जाडसर कणिक आणि मूठभर मक्याचा रवा (पोलेंटा म्हणून विकतात, स्वस्त असतो), ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन, चिमूटभर सोडा. घट्ट भिजवायचं. गोळे पोरांनी करायचे, आकाराची सक्ती नाही. बालवाडीत शरदात सगळीकडे साळिंदराच्या लहान भावासारखा काटेरी प्राणी कागदाचा करतात, त्यामुळे आमच्याकडे बट्ट्याही काटेरी होतात. कात्रीच्या टोकाने कणकेला चिमटे काढायचे की झाले काटे, डोळ्यांना मिरी. वाफवून, कापून तळायची ती खरी खानदेशी बट्टी. पण काटेरी प्राण्याला कापू कोण देणार? म्हणून वाफवून झाल्यावर तूप लावून ओव्हनमध्ये लालसर करते. तळलेलीची सर नाही. पण स्वतः केलेला प्राणी पोरं स्वतः कुस्करतात, वरणात बुडवतात आणि दुसरा मागतात. एरवी जेवताना पन्नास मनधरण्या कराव्या लागतात.

शिळ्या पावाचंही तसंच. बेकऱ्यांमधला संध्याकाळी उरलेला माल एका अॅपवरून स्वस्तात मिळतो. 'टू गुड टू गो' हे ते अॅप, २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं. पिशवीत काय निघेल हे आधी कळत नाही, पोरांना त्यातच मजा. दुसऱ्या दिवशी दगड झालेले पाव कापडी पिशवीत घालून लाटण्याने ठोकायचे आणि वर आईच्या काळ्या मसाल्याची फोडणी. झाला कुस्करा.

तो मसाला, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ कुणी ना कुणी आणतं. तूप आणि पेढे मात्र येऊ शकत नाहीत, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी! म्हणजे रावेर-सावद्याची केळी कायद्याने बॅगेत आणता येतात. आजवर कुणी आणलेली नाहीत. आम्ही आपली इक्वेडोरची किंवा कोलंबियाची घेतो आणि डाग पडले की दुधात कुस्करून शिकरण करतो.

इकडच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, खानदेशातल्या कानबाईच्या सणाला अमळनेरला गेलो होतो. बाजारात गिलक्यांच्या ढिगापुढे मोठी बराच वेळ किलोची किंमत कुठे लिहिली आहे ते शोधत होती. भाजीवाल्या मावशींनी तोंडी भाव सांगितला आणि मागितली नसताना वर कोथिंबिरीची जुडी टाकली. ही चूक झाली असं वाटून ती जुडी परत द्यायला निघाली. घरी आल्यावर तिने आजीच्या माळ्यावरच्या रिकाम्या बाटल्या काढून ओसरीत रांग लावली. "काय करी राहिनी वं?" आजीने विचारलं. उत्तर आलं, "यंत्र कुठंय?" यंत्र दुसऱ्या दिवशी सायकलवरून ओरडत आलं. भंगारवाल्याला तिने ठणकावून एका बाटलीचे पंचवीस रुपये सांगितले. त्याने सगळ्या बाटल्या पोत्यात भरून काट्याला लावल्या आणि दहाची नोट पुढे केली. बाटल्या नगावर जातात की वजनावर, यावर दोघांची बरीच हुज्जत झाली. शेवटी आजीने स्वतःच्या कमरेचे दहा घालून भांडण मिटवलं. आता डब्यात युरो आणि रुपये एकत्र झालेत आणि हिशेब लागत नाही म्हणून तिला दुसरा डबा हवा आहे.